जे दिसेल ते बोल

४ फेब्रुवारी, बुधवार

आज मी हो म्हणून बसले आणि तेव्हापासून पोटात गोळा आहे. हा गोळा कुणाला दाखवायची सोय नाही, म्हणून ही वही. लॅबमधल्या आमच्या मोठ्या बाई म्हणतात, भीती लिहून काढली की निम्मी होते. निम्मी झाली तरी पुष्कळ उरेल, पण बघू.

प्रकरण असं आहे. दादाच्या डोळ्यांचा जो आजार आहे, त्यावरच्या संशोधनाला देणग्या मिळाव्यात म्हणून एक शर्यत होणार आहे, जोडसायकलींची. एका सायकलीवर दोघं. पुढे डोळस, मागे अंध. पुढच्याने हँडल, ब्रेक आणि रस्ता सांभाळायचा, मागच्याने नुसतं पायडल मारायचं. जेवढ्या जोड्या शेवटपर्यंत पोचतील तेवढ्या देणग्या. दादा जेवता जेवता म्हणाला, "कोंबडे, बसतेस का पुढे?" मी म्हटलं, "बसते की." घास गिळायच्या आधीच म्हटलं. दादा कधी कुणाकडे काही मागत नाही, त्यामुळे त्याने मागितलं की विचार करायचं सुचत नाही.

आता सुचतंय. त्याचा जीव माझ्या दोन मुठींत असणार. मी पडले तर तो पडणार, आणि पडताना आपण कुठे पडतोय हेही त्याला कळणार नाही.

हा आजार कडेकडून आत येतो. आधी अंधारात दिसेनासं होतं, मग आजूबाजूचं जातं, शेवटी मधलंही. दादाला ऐन विशीत सुरू झाला आणि तिशीत सगळं आटोपलं. रक्तातून येतो म्हणून तेव्हा मलाही तपासलं होतं. मी अठराची होते, आज आमची लेक, चिमणी, आहे तेवढी. डॉक्टर म्हणाले, "स्वच्छ." तो एक शब्द मी इतकी वर्षं जपून ठेवलाय. आता चाळिशी उलटली, म्हणजे मी सुटले. कधीकधी या सुटण्याचीच लाज वाटते. बहुतेक त्यामुळेच हो म्हटलं असेल.

८ फेब्रुवारी, रविवार

पहिला सराव. जुन्या कारखान्यामागच्या मैदानावर, म्हणजे आपटलो तरी बघायला कुणी नको. जोडसायकल म्हणजे लांबलचक प्रकरण आहे. आपण वळतो, पण मागचं टोक वळायला तयार नसतं. पहिल्या झटक्यात दोघंही डाव्या अंगावर पडलो. दादा पडल्या पडल्या हसत सुटला. मला हुंदका आला. त्याचा काळा चष्मा उडाला होता, तो काही केल्या मला सापडेना. नवरा म्हणाला, "अगं, तुझ्या पायाशीच आहे." होता खरा.

मग दादाने नियम घालून दिला. तो पाणीपुरवठ्याच्या तक्रार कक्षात फोनवर असतो. दिवसभर लोक त्याच्यावर ओरडतात आणि त्याचा त्याला पगार मिळतो, त्यामुळे बोलण्याचं महत्त्व त्याला फार. म्हणाला, "पोटात काही ठेवायचं नाही. जे दिसेल ते बोल. खड्डा दिसला, खड्डा म्हण. माणूस दिसला, माणूस म्हण. काहीच नसेल तर मोकळं म्हण. तू गप्प झालीस की मी समजेन, आपला खेळ खलास."

"मोकळं, मोकळं, वळण, हळू, मोकळं." घसा बसला, पण मैदानाला चार फेऱ्या झाल्या. शेवटच्या फेरीत दादाने दोन्ही हात हवेत उचलले. मला दिसलं नाही, नवऱ्याने सांगितलं.

घरी आल्यावर बघते तर नडग्यांवर निळे डाग. काही आजचे, काही जुने, पिवळे पडलेले. जुने आमच्या बाहेरच्या खोलीतल्या स्टुलाचे आहेत. नवरा ते स्टूल वाट्टेल तिथे ठेवतो. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या माणसाला घरातल्या वस्तूंच्या जागा कळू नयेत याचं नवल वाटतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दिवसभर रक्ताच्या काचपट्ट्या. मायक्रोस्कोपला डोळा लावला की मला भीती वाटत नाही. लहानसा, उजळ गोल, आणि त्यात जे आहे ते सगळं माझ्या नजरेत. आज सगळ्यांच्या हातून सुटलेली एक वाईट पेशी मी पकडली. मोठ्या बाई म्हणाल्या, "डोळा आहे बाई तुझा!" पेशंटसाठी वाईट वाटलं आणि स्वतःसाठी बरं वाटलं. माणसाचं मन असं असतं.

दुपारी शर्यतीच्या आयोजक बाई लॅबमध्ये आल्या होत्या, देणगीचं बोलायला. त्या गेल्यावर आमचा मदतनीस म्हणाला, "ताई, त्या बाईंवर राग आहे का तुमचा?" म्हटलं, "का रे?" तर म्हणे, त्यांनी निघताना हात पुढे केला होता, बराच वेळ धरला होता, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत नुसती मान डोलावत होते. मला आता गर्विष्ठ म्हणतील. हात पुढे करायचा तर नीट समोर करावा माणसाने.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज पहिल्यांदा रस्त्यावर.

सकाळची वेळ, रहदारी नव्हती. मी म्हणत होते, "मोकळं, मोकळं." आणि डावीकडून एक माणूस आभाळातून पडल्यासारखा आला. हँडल त्याच्या पिशवीत अडकलं, पिशवीतले पाव रस्त्यावर. मी जीव खाऊन ब्रेक दाबला. आम्ही पडलो नाही, एवढंच नशीब. माणूस म्हणतो, "अहो बाई, मी केव्हाचा उभा आहे इथे!" केव्हाचा म्हणे! लोकांना खोटं बोलताना काही वाटत नाही.

दादा खाली उतरून चाचपत चाचपत पाव गोळा करत होता आणि माफी मागत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दारात सायकल लावल्यावर दादा म्हणाला, "तो माणूस खोकला होता गं. दोनदा. आपण पोचायच्या आधी."

"मग सांगायचंस ना मला!"

"मला वाटलं, दिसतोय तुला."

एवढं बोलून तो काठी उघडून चालता झाला. चहाला थांबला नाही. तो माझ्यावर चिडलाय, आणि बरोबरच आहे. मी त्याला मारून टाकलं असतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

दादाने सायकलीची घंटी काढून मागे, स्वतःच्या हाताशी बसवून घेतली. आणि आता मागून बोलतोही. "डावीकडे कुणीतरी आहे." "डावीकडे कुत्रं आहे, साखळी वाजतेय." "हळू, पोरं खेळतायत." मी म्हटलं, "दादा, पुढे कोण बसलंय, मी की तू?" तर म्हणाला, "तू बस. मी आपला वेळ घालवतोय."

त्याच्या आवाजात भीती आहे. दादाला मी कधी घाबरलेला पाहिलेला नाही. नजर जात होती तेव्हाही त्याने विनोद सोडले नव्हते. तोच घाबरला तर मी कुणाच्या जिवावर बसू पुढे?

संयोजकांनी संध्याकाळचा सराव ठेवला होता, तो मी मोडून काढला. दिवेलागण झाली की मी बाहेर पडत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून तर दादाने चार-पाच वर्षांपूर्वी कोंबडी नाव ठेवलं, वेळ झाली की खुराड्यात. मला अंधार आवडत नाही, त्यात काय एवढं? मला वाटलं होतं तो चिडवेल. चिडवलं नाही. उलट घाईने म्हणाला, "नको नको, संध्याकाळचं नकोच." हल्ली तो मला कोंबडी म्हणतही नाही. नुसतं छोटी म्हणतो, लहानपणीसारखं.

चिमणी मात्र माझी मुलगी शोभत नाही. आमच्या जिन्यातला दिवा महिनाभर गेलेला आहे आणि ही कार्टी त्या काळोखातून दोन-दोन पायऱ्या टाकत धाडधाड वर येते. रोज ओरडते मी, "पडशील एक दिवस, दात हातात येतील!" हसते आणि आत पळते.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

दादाचा फोन आला. गुडघा दुखतोय म्हणे. "राहू दे का शर्यत? दुसरी जोडी मिळेल त्यांना. तू दुसरं काही कर, देणग्या गोळा कर, मंडपात उभी राहा."

मी म्हटलं, "कुठला गुडघा?" तो घाईने म्हणाला, "डावा." काल सराव संपल्यावर आमचे तीन जिने तो न थांबता चढला होता, चिमणीशी गप्पा मारत.

मला रडूच आलं. म्हटलं, "सरळ सांग ना, माझ्यावर विश्वास नाही तुझा. त्या पाववाल्यामुळे." तो म्हणाला, "विश्वासाचं नाही गं." मग हळूच विचारतो, "तू डोळे कधी तपासलेस शेवटचे?" मला इतका राग आला! म्हटलं, "माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? रस्ते वाईट, लोक आडवे येतात, तुझ्या त्या सायकलीचं हँडल वाकडं." तो नेहमीच्या सवयीने म्हणून गेला, "नाचता येईना, अंगण वाकडं." आणि लगेच म्हणाला, "चुकलं. माफ कर." म्हणीबद्दल माफी मागणारा दादा मला नवीन आहे.

मी सांगून टाकलं की मी माघार घेणार नाही. लॅबमधल्या सगळ्यांनी दादासाठी देणग्या दिल्यात. आणि खरं सांगायचं तर, आता माघार घेतली तर मी आयुष्यात पुन्हा कशावरच बसणार नाही, हे मला माहीत आहे.

३ मार्च, मंगळवार

आनंदाची बातमी! संयोजकांनी अचानक नियम काढला की पुढे बसणाऱ्या सगळ्यांची नजर तपासायची. कुणीतरी फोन करून सुचवलं म्हणे. रात्रभर उगाच धाकधूक होती, का ते माहीत नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय. सकाळी चष्म्याच्या दुकानातल्या माणसाने भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावली. मी सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळसुद्धा न अडखळता वाचली. तो म्हणाला, "तुमच्यासारखे डोळे तरुणांनाही नसतात." म्हटलं, लिहून द्या.

धावत दादाला फोन केला. वाटलं, आता तरी सुटकेचा निःश्वास टाकेल. त्याने विचारलं, "फक्त अक्षरं? बाजूचं नाही तपासलं? बाजूला बोटं हलवून वगैरे?" म्हटलं, "कशाला? मी काय घोड्यांच्या शर्यतीत धावतेय?" मग म्हणाला, "छान झालं."

छान म्हणताना त्याचा आवाज असा होता, जसा मी अहवाल वाईट आलेल्या पेशंटशी बोलते. या माणसाला झालंय काय?

८ मार्च, रविवार

शर्यतीची बैठक झाली. रस्ता ठरला. नवऱ्याने दादासाठी पुठ्ठ्यावर जाड दोरा चिकटवून त्या रस्त्याचा नकाशा केला, बोटाने वाचता येईल असा. चढाला दोऱ्याचे दोन पदर, पुलाला मणी, आणि शेवटाकडे बोगदा आहे तिथे एक गाठ. बोगदा जुना आहे आणि मध्ये वळतो, पण संयोजक म्हणाले, भिंतींवर दोन्ही बाजूंनी नळ्यांचे दिवे असतात, रात्रंदिवस चालू, सायकलीला वेगळा दिवा लावायची गरज नाही. बरं झालं विचारलं मी.

दादाचं बोट दोऱ्यावरून भरभर जातं आणि त्या गाठीवर येऊन थांबतं. आज किती वेळा थांबलं. मी म्हटलं, "दादा, तुला बोगद्याची कसली रे भीती? तुला तर बोगदा काय नि माळ काय, सारखंच." तो हसला. नवरा उठून स्वयंपाकघरात गेला आणि काही न घेता परत आला.

१४ मार्च, शनिवार

हे दोघं माझ्यापासून काहीतरी लपवतायत.

आठवड्यात तीनदा दोघं संध्याकाळी गायब. विचारलं तर "जरा पाय मोकळे करून येतो." गुडघा दुखणारा माणूस पाय मोकळे करतोय! परत येतात तेव्हा दमलेले असतात. आज दादाच्या बाहीवर आणि तळहातावर काजळी लागली होती, भिंतीला हात घासत गेल्यासारखी. मी विचारलं, तर नवरा म्हणाला, "गाडीला टेकला असेल." कुठल्या गाडीला? आमच्याकडे गाडी नाही.

मी कुजबुज ऐकली. नवरा म्हणत होता, "दादा, तिला सांगायला हवं." आणि दादा, "शर्यत होऊ दे. नंतर मी सांगतो. माझं मी सांगतो."

आता कळलं मला. त्याचं हृदय. आमच्या वडिलांचंही हृदयच होतं. म्हणून गुडघ्याचं निमित्त, म्हणून माघार, म्हणून तो अचानक प्रेमाने बोलतो. संध्याकाळचे दवाखाने उघडे असतात. तो मला सांभाळून घेतोय आणि मी मूर्ख, त्याला चढावर पायडल मारायला लावतेय.

२० मार्च, शुक्रवार

धीर करून नवऱ्याला गाठलं. "अहो, खरं सांगा. दादाला काय झालंय?"

त्याचा चेहरा असा झाला की मी खुर्ची धरली. म्हणाला, "दादांना काही झालेलं नाही. शपथ."

"मग कुठे जाता रोज?"

"फिरायला."

भूगोलाचा मास्तर आहे, साधं कुठे जातो ते सांगता येत नाही. मग त्याने एकदम मला जवळ घेतलं. लग्नाला वीस वर्षं झाल्यावर नवरा दिवसाढवळ्या उगाच जवळ घेतो, तेव्हा बातमी वाईटच असते. मी जास्त विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, आणि मला ऐकायचं नव्हतं.

त्या गडबडीत स्टुलाला पुन्हा धडकले. त्याने स्टूल उचललं आणि बाल्कनीत नेऊन ठेवलं. "राहू दे तिथेच," म्हणाला. इतकी वर्षं सांगतेय तेव्हा ऐकलं नाही आणि आज हे.

२८ मार्च, शनिवार

उद्या. मी ठरवलंय, दादाला दमू द्यायचं नाही, चढावर सगळा जोर मी लावणार. त्याच्या खिशात वडिलांच्या खिशात असायची तशी गोळी असेल का? मी माझ्या खिशात एक ठेवली आहे, जिभेखाली ठेवायची.

दादा आता येऊन गेला. जाताना म्हणाला, "छोटे, उद्या वाटेत मी थांब म्हटलं तर थांबशील?" म्हटलं, "एका शब्दावर." "का म्हणून विचारणार नाहीस?" "नाही." त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला खात्री झाली की उद्या त्याला काहीतरी होणार.

३० मार्च, सोमवार

काल लिहिता आलं नाही. आज लिहिते, कारण कुणाशी बोलायचं नाहीये.

सकाळ स्वच्छ होती, ऊन लख्ख. आम्ही मधल्या गटात निघालो. मी बोलत होते, दादा मागून बोलत होता, दोघांचं मिळून काहीतरी गाणं म्हटल्यासारखं चाललं होतं. "मोकळं." "डावीकडे जोडी." "वळण." "उजवीकडे बाई हाक मारतेय." चढ संपला तेव्हा मी विचारलं, "छातीत दुखत नाही ना?" तो म्हणाला, "माझ्या? कशाला दुखेल?" उतारावर वारा लागला आणि दादा लहान पोरासारखा ओरडला. त्या चार मिनिटांत मला भीती नव्हती. हे लिहून ठेवते, कारण नंतर खरं वाटणार नाही.

उतार संपला आणि समोर बोगदा आला. तोंडाशी पाण्याचं टेबल, आणि तिथे पाणी वाटायला आमचा नवरा. तो तिथे असणार हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी ओरडले, "दादा, बोगदा आला! आणि बघ यांचा कारभार, दिवे बंद आहेत! बैठकीत छातीठोकपणे सांगितलं, रात्रंदिवस चालू म्हणून. आत मिट्ट काळोख आहे."

मागचं पायडल थांबलं. "थांब," दादा म्हणाला. "कडेला घे. पाय टेक."

मी शब्द दिला होता. थांबले. आमच्या शेजारून एक जोडी सरळ आत गेली. मग दुसरी. पुढे बसलेल्या मुलीने वेगसुद्धा कमी केला नाही, "मोकळं!" म्हणत घुसली. मी म्हटलं, "वेड लागलंय का या लोकांना? एवढ्या अंधारात!"

दादाने मान एका बाजूला वाकडी केली होती, फोनवर तक्रार ऐकताना करतो तशी. तो म्हणाला, "छोटे, दिवे चालू आहेत."

"तुला काय कळतंय?" मी म्हटलं. आंधळ्या भावाला, तोंडावर.

"भुणभुण ऐकू येतेय नळ्यांची. दोन्ही भिंतींवरून. मी आणि जावईबापू इतक्या संध्याकाळी या बोगद्यातून चालत गेलोय, भिंतीला हात लावून. पाठ झालाय मला. सगळे चालू आहेत."

मी नवऱ्याकडे वळले. तो पाण्याचा पेला हातात धरून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी परत आत पाहिलं. मान फिरवून, डोळे ताणून, नीट पाहिलं. काळोख होता.

मग सगळं एकदम आलं. पाववाला, स्टूल, हात पुढे करून उभ्या राहिलेल्या बाई, माझं ते खुराडं. मागून दादा म्हणाला, "बोल. जे दिसतंय ते बोल."

"काही दिसत नाही," मी म्हटलं. "दादा, मला काही दिसत नाही."

"बरं," तो म्हणाला. "मी म्हणणार होतो, गुडघा दुखतोय, बोगदा चालत जाऊ. तुला कळू न देता पलीकडे नेणार होतो. पण तू दिव्यांना दोष द्यायला लागलीस आणि माझ्याच्याने खोटं बोलवेना."

सायकल नवऱ्याने धरली. दादा पुढे झाला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, इतकी वर्षं तो माझ्या खांद्यावर ठेवायचा तसा, आणि आत गेलो. दर पावलाला वाटे, पुढे जमीन नाही. त्याच्या शर्टाची मूठ आवळून मी चालत होते. बाजूने सायकली सरसर जात होत्या आणि मला फक्त वारा लागत होता. तो बोलत होता, "इथे भिंत पुढे आलीय. इथे पाणी ठिबकतं. आता वळण."

मी म्हटलं, "कोंबडी म्हणायचास मला, इतकी वर्षं."

"तेव्हा मला गंमत वाटायची," तो म्हणाला. "पाववाल्याच्या दिवशी कळलं. त्यानंतर तोंडातून निघेना."

"सांगितलं का नाहीस?"

"फोनवर मागे फिर म्हटलं. तपासणीही मीच करायला लावली, तर तू मुंगीएवढी ओळ वाचून आलीस! मग धीर झाला नाही. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं ना, तो दिवस मला आठवतो. त्या दिवसापर्यंत मला बरंच दिसत होतं, आणि त्या दिवसापासून मी कशालाच हात लावला नाही. तुला एकदा उतारावरून जायला मिळावं, एवढंच वाटलं. चूक असेल माझी. कुणाला लागलं असतं तर मोठीच चूक. रोज त्याच भीतीने बसत होतो मागे."

वळण संपल्यावर दूर उजेडाचा एक गोल दिसला. लहान, उजळ. मायक्रोस्कोपसारखा. तिकडे बघत चालले.

बाहेर आल्यावर पुन्हा सायकलीवर बसायचा विषय कुणी काढला नाही. उरलेला रस्ता तिघं चालत गेलो. पोचलो तेव्हा कापडी फलक उतरवत होते. आयोजक बाई पुढे आल्या, काहीतरी छान बोलल्या. मी मुद्दाम मान खाली करून पाहिलं. हात पुढे केलेला होता. मी तो धरला आणि सोडवेना. मी दादासाठी म्हणून लोकांपुढे हात पसरत होते.

खिशातली ती गोळी रात्री नवऱ्याला सापडली. "ही कशाची?" म्हटलं, दादाच्या हृदयाची. तो हसला, मीही हसले, आणि मग बराच वेळ रडलो.

२ एप्रिल, गुरुवार

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, दादाही आला. पांढऱ्या वाडग्यासारखं एक यंत्र होतं. त्यात तोंड घालून समोर बघत राहायचं, कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी बोट तयार ठेवून वाट बघत बसले. एक-दोन चमकले, मग बराच वेळ काही नाही. शेवटी म्हटलं, "यंत्र बंद पडलंय का हो?"

यंत्रावरच्या बाई हळूच म्हणाल्या, "चालू आहे, ताई."

कडा गेल्यात. मधला गोल शाबूत आहे, म्हणून काचपट्ट्या दिसतात आणि तक्त्यावरच्या मुंग्या दिसतात. दादापेक्षा माझं उशिरा सुरू झालं आणि सावकाश आलं, एवढाच फरक. गोल किती वर्षं टिकेल ते सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले. मग कागदावरून मान वर न करता विचारलं, "मुलंबाळं?"

मला स्वतःबद्दल भीती वाटत होती, ती तिथेच संपली. म्हणजे तिला जागाच उरली नाही.

सोमवारी चिमणीला न्यायचंय. तिला अजून सांगितलेलं नाही. आता मला कळतं, दादाला का सांगवेना.

संध्याकाळी दाराबाहेर कठड्याशी उभी राहिले. जिन्यातला दिवा अजून गेलेलाच आहे. हा खरोखर गेलेला आहे, मी नवऱ्याला विचारून खात्री करून घेतली. खाली फाटक वाजलं आणि नेहमीची धाडधाड सुरू झाली. दोन-दोन पायऱ्या. मी तोंड दाबून ऐकत होते. चिमणी वर पोचली आणि मला बघून दचकली.

"ओरडू नकोस, आई. नाही पडले."

"पुन्हा खाली जा," मी म्हटलं.

"काय?"

"खाली जा आणि परत वर ये. दिवा लावायचा नाही, मोबाइलचाही नाही."

"आई, तू बरी आहेस ना?"

"जा म्हटलं ना!"

डोक्याला हात लावून गेली. मी कठडा घट्ट धरला. खालून पावलं आली, जोरात, दोन-दोन पायऱ्या, कुठे अडखळणं नाही, चाचपणं नाही, वळणावरसुद्धा नाही. धापा टाकत माझ्यासमोर उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "झालं समाधान?"

मी म्हटलं, "अजून एकदा."